सोयाबीन दुपारी पानं उलटी का करतं? झाडाच्या आतला 'बॅटरी सेव्हर' समजून घेऊया

फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. बॅटरी सेव्हर चालू होतो, स्क्रीन मंद होते, मागे चाललेली अ‍ॅप्स थांबतात. फोन बंद पडत नाही, पण अर्धवट अपलोड झालेला तुमचा व्हिडिओ मात्र तिथेच अडकतो. आज आपण असाच एक मोड बघणार आहोत, फक्त तो फोनमधला नाही, सोयाबीनच्या पानातला आहे. तो बघता बघता पेशीच्या आत प्रोटीन एकमेकांना निरोप कसे देतात आणि त्या निरोपावरून जीन कसे चालू होतात, हेही कळेल.

खरं सांगायचं तर मी सॉफ्टवेअरवाला. बायोलॉजीशी माझा संबंध बारावीतच संपला होता. तो परत जोडला गेला एका फोनमुळे.

अण्णांचा फोन

आमचं शेत धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात. २०२३ साली पाऊस उशिरा आला, पेरणी जुलैत झाली आणि ऑगस्टमध्ये पावसाने पाठ फिरवली. नुसती आमच्याकडे नाही, देशभर. हवामान खात्याच्या नोंदींप्रमाणे १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन तेव्हा नेमकं फुलोऱ्यात होतं.

मी पुण्यात ऑफिसात होतो. वडिलांचा फोन आला.

"सोयाबीन दुपारचं पानं पालथी करायलंय रे. सकाळी बघावं तर परत नीट. विहिरीत एकाच पाळीचं पाणी हाय. आत्ताच स्प्रिंकलर लावू का ठिवू?"

मी म्हणालो, "अण्णा, एक फोटो पाठवा." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पानं हिरवीगार, ताठ. मी हवामानाचं अ‍ॅप उघडून बघितलं आणि सांगितलं, "पीक चांगलं दिसतंय. पाणी राखून ठेवा. आठवड्यात पाऊस दाखवतोय."

पाऊस आला नाही. अण्णांनी माझं ऐकून दहा-बारा दिवस वाट बघितली. तोवर सरीत फुलांचा सडा पडला होता. मग स्प्रिंकलर लावला, झाडं तरारली, पण शेंगा धरायच्या त्या धरल्याच नाहीत. जिथे एकरी सात-आठ क्विंटल व्हायचं तिथे चारच्या आत आलं. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा हे तीन तालुके होते.

पाऊस न पडणं माझ्या हातात नव्हतं. पण विहिरीतली ती एक पाळी कधी द्यायची, हा सल्ला माझा होता आणि तो चुकला. अण्णा त्यावर एक शब्दही बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "हिरवं आहे म्हणजे ठीक आहे" हे मी कशावरून ठरवलं? त्याचं उत्तर शोधायला बसलो, तर त्या पानात चाललेला प्रकार बघून थक्क झालो.

पान म्हणजे उघडझाप करणारी दारं

पानावर बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभराच्या वर. याच दारातून हवेतला कार्बन डायॉक्साइड आत येतो आणि त्यापासून झाड साखर बनवतं. पण दार उघडलं की आतली वाफही बाहेर जाते. कार्बन डायॉक्साइडचा एक रेणू आत घ्यायचा तर पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. जमिनीत ओल असेपर्यंत हा व्यवहार परवडतो. ओल संपत आली की दार लावावं लागतं.

प्रत्येक दाराला दोन पेशी असतात, त्या रक्षक पेशी. पाण्याने फुगल्या की त्या धनुष्यासारख्या वाकतात आणि मधली फट उघडते. पाणी गेलं की ढिल्या पडतात आणि फट मिटते. सायकलच्या ट्यूबसारखंच, हवा भरली की ताठ, सोडली की पडली.

आता प्रश्न असा की, झाडाला डोकं नाही, नसा नाहीत. मग पाणी कमी झाल्याची बातमी पानाला कोण देतं?

निरोप कुठून निघतो?

झाडांच्या प्रयोगांत अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचं एक छोटं रोपटं फार वापरतात. मोहरीच्या कुळातलं, झटपट वाढणारं. प्रयोगशाळेतला टेस्टिंगचा फोनच समजा. २०१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यात दाखवलं की मुळाभोवतीची माती वाळली की मूळ प्रोटीनचा एक इवलासा तुकडा तयार करतं. त्याचं नाव सीएलई-२५. हा तुकडा झाडाच्या आतल्या नळ्यांतून पानापर्यंत जातो आणि तिथे एक हार्मोन बनवायचं काम सुरू करून देतो.

त्या हार्मोनचं नाव अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड, थोडक्यात एबीए. झाडाच्या दुनियेतलं 'बॅटरी लो' नोटिफिकेशन हेच.

पण नोटिफिकेशन नुसतं येऊन भागत नाही. ते वाचणारं कोणीतरी लागतं, वाचून काम करणारं कोणीतरी लागतं. पेशीत ही दोन्ही कामं प्रोटीन करतात.

चार प्रोटीन आणि एक उलटा कोड

आधी एक छोटी गोष्ट समजून घ्या. पेशीत एखादं प्रोटीन चालू किंवा बंद करायची सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे त्याला फॉस्फेटचा एक छोटा टॅग चिकटवणं किंवा काढून टाकणं. टॅग चिकटवणारी प्रोटीन म्हणजे कायनेज, काढणारी म्हणजे फॉस्फेटेज. आपल्या गोष्टीत टॅग लागला की 'चालू', काढला की 'बंद'.

आता पात्रं बघा.

१. पीवायएल: हा रिसेप्टर, म्हणजे एबीएचा निरोप घेणारा. त्याच्या मधोमध एक खोबण असते, एबीए बरोबर तिथे बसतं.

२. पीपी२सी: हा फॉस्फेटेज. याचं काम एकच, पुढच्या पात्राचा टॅग काढत राहणं. म्हणजे हे कुलूप.

३. स्नर्क-२: हा कायनेज. खरा काम करणारा गडी हाच, पण एरवी कुलपात अडकलेला.

४. एबीएफ: हे प्रोटीन केंद्रकात डीएनएवर बसतं आणि जीन चालू करतं. अशा प्रोटीनना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

पाऊसपाणी नीट असताना काय चालतं? स्नर्क-२ तयारच असतो, पण पीपी२सी त्याचा टॅग काढून काढून त्याला गप्प बसवतो. दारं उघडी, साखर बनवणं चालू, सगळं मजेत.

मुळाकडून बातमी आली, एबीए वाढलं. ते पीवायएलच्या खोबणीत शिरलं की खोबणीवरचं झाकण मिटतं आणि पीवायएलचा आकार बदलतो. हा बदललेला आकार पीपी२सीच्या तोंडात फिट बसतो. कुलपात कोणीतरी काडी कोंबावी, तसं पीपी२सी निकामी होतं. आता स्नर्क-२ चा टॅग काढणारं कोणी उरत नाही. टॅग टिकतो आणि गडी कामाला लागतो.

आपल्या भाषेत लिहायचं तर असं:

जर एबीए नसेल, तर कुलूप चालू, म्हणून स्नर्क-२ बंद.
जर एबीए असेल, तर कुलूप बंद, म्हणून स्नर्क-२ चालू.

बघा, एबीए थेट कुठलंच बटण दाबत नाही. ते बंद करणाऱ्याला बंद करतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हा काय उलटा कोड आहे? सरळ चालू करायचं ना! पण यात एक फायदा आहे. स्नर्क-२ आधीच बनवून ठेवलेला असतो. ऐन वेळी अ‍ॅप डाउनलोड करत बसायचं नाही, मागे उघडंच आहे, फक्त लॉक काढायचं. म्हणून प्रतिसाद झटपट मिळतो.

दोन कामं: एक मिनिटांत, दुसरं तासांत

सुटलेला स्नर्क-२ दोन दिशांना काम करतो.

पहिलं काम दाराचं. रक्षक पेशीच्या पटलात स्लॅक-१ नावाची एक झडप आहे. रक्षक पेशीतला स्नर्क-२ तिला फॉस्फेटचा टॅग लावतो. झडप उघडते आणि ऋण भाराचे कण बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पोटॅशियम बाहेर जातं आणि क्षारांच्या मागे पाणी. पेशी ढिली पडते, दार मिटतं. हे सगळं काही मिनिटांत होतं.

रक्षक पेशीतला हा स्नर्क-२ सापडला कसा, ते तर भारीच आहे. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी अ‍ॅराबिडॉप्सिसची खूप रोपं तहानलेली ठेवली आणि थर्मल कॅमेऱ्याखाली बघितली. पानातून वाफ जात असेल तर पान थंड राहतं, आपला घाम वाळला की अंगाला गार लागतं तसं. दारं मिटली की पान तापतं. सगळी रोपं तापलेली दिसत असताना काही रोपं गार होती, म्हणजे त्यांची दारं उघडीच राहिली होती. त्यांच्यात जो जीन बिघडलेला होता, त्याचं नाव ठेवलं 'ओपन स्टोमाटा १', म्हणजे 'उघडी रंध्रं'. हे २००२ सालचं.

दुसरं काम जीनचं. स्नर्क-२ केंद्रकात एबीएफला टॅग लावतो. टॅग लागलेलं एबीएफ डीएनएमध्ये एक ठरावीक अक्षरक्रम शोधतं. त्याचा गाभा अगदी छोटा आहे: ए, सी, जी, टी. लांबलचक फाइलमध्ये 'फाइंड' करून शब्द शोधतो, तसंच. हा शब्द ज्या जीनच्या तोंडाशी लिहिलेला असेल तिथे ते बसतं आणि तो जीन चालू करतं. म्हणजे प्रत्येक जीनला वेगळा निरोप द्यावा लागत नाही. एका निरोपावर शेकडो जीन जागे होतात, कारण सगळ्यांच्या दारावर पाटी तीच.

या जीनमधून बनतात एलईए नावाची प्रोटीन. पेशीतलं पाणी कमी झालं की बाकीची प्रोटीन एकमेकांना चिकटून खराब होऊ लागतात, एलईए त्यांना जपतात. ही पहिल्यांदा सापडली कापसाच्या सरकीत. पिकलेलं बी वाळूनही जिवंत राहतं त्यामागे यांचा हात असतो. जीन चालू होऊन प्रोटीन तयार व्हायला तास लागतात. म्हणून झाड आधी दार लावतं आणि मग घरातलं सामान आवरतं.

एक सर्व्हर पाडला तरी साइट चालूच

एबीए शास्त्रज्ञांच्या हाती लागलं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियात, कापसाची बोंडं गळतात का याचा शोध घेताना. गळतीसाठीच्या इंग्रजी शब्दावरूनच त्याचं नाव पडलं. पण त्याचा रिसेप्टर पक्का सापडायला २००९ साल उजाडलं. चाळीसहून जास्त वर्षं!

कारण ऐकून कुठलाही सर्व्हर सांभाळणारा माणूस हसेल. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये असे रिसेप्टर एक-दोन नाही, १४ आहेत. एक बिघडवला तर दुसरा काम उचलतो, रोपाला काहीच होत नाही, आणि शास्त्रज्ञाला वाटतं की हा जीन कामाचा नाही. शेवटी कॅलिफोर्नियातल्या शॉन कटलर यांच्या गटाने युक्ती केली. त्यांनी पायराबॅक्टिन नावाचं कृत्रिम रसायन घेतलं. ते एबीएसारखं वागतं, पण १४ पैकी मोजक्याच रिसेप्टरना पटतं. त्याला दाद न देणारी रोपं शोधली आणि रिसेप्टर सापडला. त्याच वर्षी जर्मनीतल्या एर्विन ग्रिल यांच्या गटालाही तो वेगळ्या वाटेने मिळाला.

मोड बंद कसा होतो?

पाऊस पडला की एबीएची मोडतोड सुरू होते. ते मोडणारी प्रोटीन वेगळी आहेत. आणखी एक गंमत म्हणजे एबीए जे जीन चालू करतं, त्यात खुद्द पीपी२सीचेही जीन असतात! म्हणजे कुलूप उघडतानाच नवी कुलपं बनवायची ऑर्डरही गेलेली असते. एबीए ओसरलं की ही नवी कुलपं लगेच बसतात आणि दारं उघडतात.

अण्णांच्या सोयाबीनचं सकाळी 'परत नीट' होणं यातच येतं. रात्री ऊन नसतं, मुळं हळूहळू पाणी ओढतात, पानं ताठ होतात. आणि दुपारी पालथं होणं? देठाच्या सांध्यातल्या पेशींमधलं पाणी कमी-जास्त होऊन पान वळतं, म्हणजे पानाला ऊन कमी लागावं. फिकट, चंदेरी खालची बाजू वर आली की समजायचं, झाडाला दुपारचं पाणी पुरत नाहीये आणि दारं मिटायला लागली आहेत. सकाळचा फोटो म्हणजे रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनचा स्क्रीनशॉट. त्यावरून बॅटरी दिवसभर टिकते का हे कसं कळणार? मी तोच बघून सल्ला दिला होता.

झाड स्वतःला वाचवतं, आपलं उत्पन्न नाही

या सगळ्या वाचनातून मला कळलेली मुख्य गोष्ट ही. दार मिटलं की पाणी वाचतं, पण कार्बन डायॉक्साइडही आत येत नाही. साखर कमी बनते. सोयाबीन एरवीही बरीच फुलं गाळतं, ताणात तर फुलं आणि कोवळ्या शेंगा जास्तच गळतात. पान हिरवं असतं, झाड जिवंत असतं, पण शेंगांचं 'अपलोड' थांबलेलं असतं.

झाडाच्या बाजूने हा निर्णय बरोबर आहे. रानात वाढणाऱ्या झाडाला दहा बिया मिळाल्या तरी वंश चालतो. आपल्याला मात्र क्विंटल हवे असतात.

म्हणून जगभरात लोक या निरोपांच्या साखळ्यांमध्ये बदल करू बघतायत. अर्जेंटिनात सूर्यफुलातला एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर सोयाबीनमध्ये घातला. एचबी-४ नावाचं हे वाण ताण आला तरी लगेच वाढ आवरती घेत नाही. २०१५ मध्ये तिथे परवानगी मिळाली, पण माल विकत घेणाऱ्या चीनचा होकार यायला २०२२ साल उजाडलं. २०१५ मध्येच कटलर यांच्या गटाने एबीएच्या रिसेप्टरमध्ये बदल करून त्याला मँडीप्रोपामिड ओळखायला शिकवलं. हे एक बुरशीनाशक आहे, द्राक्षावरच्या डाऊनीसाठी वापरतात ते. प्रयोगशाळेतल्या रोपांवर ते फवारलं की दारं मिटायची!

आपल्याकडे मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने 'पुसा डीएसटी राइस १' हे जीन एडिट केलेलं भाताचं वाण जाहीर केलं. त्यात डीएसटी नावाच्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचा जीन निकामी केला आहे. हे प्रोटीन रंध्रं उघडी ठेवण्याच्या बाजूने काम करतं. सोयाबीनमध्ये मात्र आपल्या शेतकऱ्याच्या हातात असं काही अजून नाही.

मग आत्ता काय करायचं?

गावी शेती असेल आणि घरचे तुम्हाला फोन करून विचारत असतील, तर एवढं लक्षात ठेवा.

फोटो मागवायचा तर दुपारचा मागवा, सकाळचा नाही. पानं कधी उलटतात आणि संध्याकाळी किती वाजता सरळ होतात, हे तीन-चार दिवस विचारा. सरळ व्हायची वेळ लांबत चालली, तर ताण वाढतोय.

पाणी एकाच पाळीचं असेल तर ते फुलोरा ते दाणे भरणे या काळासाठी आहे. या काळात पानं रोज उलटायला लागली की झाड वाळायची वाट बघू नका.

पाणी नसेलच, तर हलकी कोळपणी करून भेगा बुजवल्या की ओल टिकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात पावसाच्या खंडात पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी असते, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम. रक्षक पेशी पोटॅशियमवर चालतात हे आता तुम्हाला माहीत आहेच. आणि पुढच्या पेरणीला रुंद सरी वरंबा पद्धतीचा विचार करा.

'ताण घालवणारी' महागडी बाटली कोणी दाखवली तर आत काय आहे ते लेबलवर वाचा. लिहिलेलंच नसेल तर घेऊ नका.

आता पावसाने ओढ दिली की अण्णा मला दुपारी दोनला फोटो पाठवतात आणि परत एक संध्याकाळी पाचला. मागच्या वेळी दोन्ही फोटोंत पानं पालथीच होती. मी फोन केला तर मागे स्प्रिंकलरचा आवाज येत होता. "तुझी वाट बघत बसलो न्हाई," ते म्हणाले, "पाचला बी पानं उलटीच व्हती, मोटर चालू केली."